झोपेतून उठलेला संगणक वाय-फाय का विसरतो?



शाळेच्या कार्यालयात पूर्वी पालक येत ते दाखल्यासाठी, फीसाठी नाहीतर पासाच्या फॉर्मवर सही घेण्यासाठी. आता त्यात एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. रात्री नेट व्यवस्थित चालत होते, मुलाने लॅपटॉप तसाच मिटून ठेवला, सकाळी उघडला तर नेट गायब. घरात मग पहिला संशय मुलावर. "तूच काहीतरी गेम टाकलास!" आणि दुसरे पाऊल दुरुस्तीच्या दुकानात. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारावे लागेल." काहीशे रुपये जातात आणि त्यासोबत मुलाचा प्रकल्प, स्कॅन केलेली गुणपत्रके, जातीचा दाखला, घरातल्या लग्नाचे फोटो हेही जाते. दोन आठवड्यांनी तोच लॅपटॉप पुन्हा झोपतो आणि उठल्यावर पुन्हा नेट नाही.

हा प्रश्न आता केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज डिजिटल गुजरात पोर्टलवर भरावे लागतात. बारावीनंतर वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात प्रवेश हवा असेल तर २०२४ पासून जी-कॅस या सामाईक पोर्टलवर नोंदणी करावी लागते. शेवटच्या तारखेला नेट गेले तर मुलाचे वर्षभराचे नुकसान होऊ शकते. म्हणून या अंकातील पाठ आम्ही याच विषयावर घेत आहोत. हा दोष बहुतेक वेळा घरच्या घरी ओळखता येतो, आणि तो ओळखल्याशिवाय लॅपटॉप फॉरमॅटसाठी कोणाच्या हाती देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक खुलासा आधीच करतो. संगणकाच्या पडद्यावरील नावे येथे इंग्रजीच ठेवली आहेत, फक्त देवनागरीत लिहिली आहेत. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हे शब्द आम्हालाही मोठेपणीच शिकावे लागले. त्यांना घाबरण्याचे कारण नाही. इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या संगणक कक्षाबाहेरील फलकावर लावले आहे, ते वहीत उतरवून घ्यावे.

प्रथम झोप म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या स्लीप अवस्थेत पडदा, प्रोसेसर, डिस्क हे सारे बंद होते आणि केवळ मेमरीला, म्हणजे तात्पुरत्या स्मरणशक्तीला, अगदी थोडी वीज मिळत राहते. त्यामुळे झाकण उघडताच अर्धवट लिहिलेला निबंध जसाच्या तसा समोर येतो. हायबरनेट ही त्याहून गाढ झोप. त्यात मेमरीतील मजकूर डिस्कवर उतरवून ठेवतात आणि वीज पूर्ण बंद होते. या अवस्थांचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९६ साली एकत्र बसून ठरवले. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत तिसरा प्रकार आला आहे, मॉडर्न स्टँडबाय. यात लॅपटॉप मोबाईलसारखा डुलक्या घेतो, पूर्ण झोपत नाही.

वाय-फायचे कार्ड हा लॅपटॉपमधला एक लहानसा रेडिओ आहे. स्लीपमध्ये त्याचीही वीज तोडली जाते किंवा कमी केली जाते. झाकण उघडल्यावर त्या रेडिओला एकापाठोपाठ एक चार कामे करावी लागतात. आधी स्वतः जागे व्हायचे. मग हवेत कोणकोणत्या राउटरची नावे आहेत ते शोधून त्यातल्या ओळखीच्या राउटरला पासवर्डची खूण पटवायची. त्यानंतर राउटरकडून एक पत्ता मिळवायचा. आणि शेवटी, आपण टाइप केलेल्या वेबसाइटच्या नावाचा आकडी पत्ता विचारून घ्यायचा. सर्व ठीक असेल तर हे काही सेकंदांत उरकते. बिघाड या चारपैकी कोणत्या पायरीवर झाला ते कळले की निम्मे काम झाले.

यातली पत्त्याची पायरी विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. राउटर हा वर्गशिक्षकासारखा आहे. त्याच्याकडे एक हजेरीपट असतो. जो लॅपटॉप किंवा मोबाईल वर्गात येतो त्याला तो एक क्रमांक देतो, आणि तो क्रमांक कायमचा नसून मुदतीचा असतो. अनेक घरगुती राउटरमध्ये ही मुदत एक दिवसाची ठेवलेली असते, काहींत कमी-जास्त. आता लॅपटॉप शुक्रवारी रात्री झोपला आणि सोमवारी उठला तर मुदत केव्हाच संपलेली असते. उठल्यावर त्याने पुन्हा नवा क्रमांक मागायला हवा, आणि बहुतेक वेळा तो मागतोही. परंतु समजा, मधल्या वेळेत वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर निवांत झोपलेला आहे, राउटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू झाला. पुष्कळ स्वस्त राउटर अशा वेळी जुना हजेरीपट विसरतात आणि आपल्या लॅपटॉपचा क्रमांक घरातल्या दुसऱ्याच मोबाईलला देऊन टाकतात. मग लॅपटॉप उठतो आणि जुन्याच क्रमांकावर "हजर!" म्हणतो. एका क्रमांकाला दोघे ओ देऊ लागले की गोंधळ होणारच. पावसाळ्यात वीज ये-जा करते तेव्हा ही तक्रार का वाढते, याचे हे एक कारण.

आता तपासणी. क्रम बदलू नये.

सर्वांत आधी लॅपटॉपला हात न लावता मोबाईल घ्या. त्याचा मोबाईल डेटा बंद करून त्याच वाय-फायवर एखादी साइट उघडून पाहा. मोबाईलवरही नेट नसेल तर लॅपटॉप निर्दोष आहे आणि मुलगाही. दोष राउटरचा किंवा नेट पुरवणाऱ्या कंपनीचा. राउटरची वीज बंद करून अर्धा मिनिट थांबा, पुन्हा सुरू करा आणि दोन-तीन मिनिटे धीर धरा.

मोबाईलवर नेट चालत असेल तर लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यातील वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. नावांची यादी दिसते का? अजिबात दिसत नसेल, किंवा वाय-फायचे बटणच नाहीसे झाले असेल, तर पहिलीच पायरी चुकली आहे, म्हणजे रेडिओ जागा झालेला नाही. येथे आधी एरोप्लेन मोड चालू नाही ना ते पाहावे. अनेक लॅपटॉपांच्या वरच्या ओळीतील एका कळीवर विमानाचे चित्र असते आणि झाकण उघडताना, पुसताना ती सहज दाबली जाते. विमान चालू नसेल तर लॅपटॉप रीस्टार्ट करा.

येथे आम्ही मुद्दाम शटडाउन म्हणत नाही. बहुतेकांना वाटते की बंद करून चालू करणे आणि रीस्टार्ट करणे एकच. तसे राहिलेले नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर संगणक आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा उचलतो. म्हणजे रुसलेले वाय-फाय कार्ड रुसलेलेच राहण्याची शक्यता असते. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. दहा वेळा शटडाउन करूनही न आलेले नेट एका रीस्टार्टने येते, त्यात जादू काही नाही.

रीस्टार्टने नेट आले, पण प्रत्येक झोपेनंतर पुन्हा जात असेल, तर कायमचा उपाय करावा. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्यात नेटवर्क ॲडाप्टर्स या ओळीखाली वायरलेस किंवा वाय-फाय असे लिहिलेले नाव शोधा, त्याचे प्रॉपर्टीज उघडा आणि पॉवर मॅनेजमेंट या पानावर जा. तेथे वीज वाचवण्यासाठी संगणकाने हे उपकरण बंद केले तरी चालेल, अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि तिच्यापुढे बरोबरची खूण असते. ती खूण काढून टाका. कार्डला पूर्ण झोपू न देणे एवढाच याचा अर्थ. बॅटरी किंचित लवकर उतरेल, ते चालवून घ्यावे. मॉडर्न स्टँडबायच्या लॅपटॉपांत हे पान अनेकदा दिसत नाही. न दिसल्यास आपले काही चुकले असे समजू नये.

तेवढ्याने भागले नाही तर कार्डचा ड्रायव्हर बदलावा. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषा. तो जुना असेल तर झोपेतून उठल्यावर दोघांचे एकमेकांशी जुळत नाही. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, आपल्या मॉडेलचे नाव पाहून घ्यावा. सर्व ड्रायव्हर फुकटात सुधारून देतो म्हणणारे प्रोग्राम कृपया टाकू नयेत. उलट, विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतरच तक्रार सुरू झाली असेल तर त्याच प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर हे बटण असते, त्याने जुना दुभाषा परत आणता येतो. आपल्याकडे सेकंड हँड लॅपटॉप घेणारे पालक पुष्कळ आहेत. अशा लॅपटॉपवर बऱ्याचदा विंडोज १० असते. तिची नेहमीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहे, हेही घेताना विचारात घ्यावे.

नावांची यादी दिसते, पण आपले नाव त्यात नाही, किंवा जोडणी दुसऱ्याच नावाला झाली आहे, असेही होते. भारतात २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील अशा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याची अट जानेवारी २००५ मध्ये काढून टाकण्यात आली. म्हणून कोणीही दुकानातून राउटर आणून लावू शकतो. लिंबायत, पांडेसरा किंवा डिंडोलीच्या एखाद्या गल्लीत आज वाय-फायची यादी उघडली तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे वर-खाली धावतात. एवढ्या गर्दीत झोपेतून उठलेला लॅपटॉप पूर्वी कधी तरी जोडलेल्या दुकानाच्या किंवा शेजाऱ्याच्या अशक्त सिग्नलला चिकटतो, आणि आपल्याला वाटते नेट संथ झाले. नको असलेल्या नावावर उजवी क्लिक करून फर्गेट करावे. आपल्या स्वतःच्या वाय-फायचे नावही फर्गेट करून पुन्हा जोडणे हा चांगला उपाय आहे, फक्त पासवर्ड आधी माहीत करून घ्या!

परंतु आमच्या मुलांपैकी अनेकांच्या घरी राउटर मुळात नाहीच. वडिलांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट हेच त्यांचे वाय-फाय. त्यांच्यासाठी ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ मोबाईलमध्ये अशी सोय असते की काही वेळ एकही उपकरण जोडलेले नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. मुलगा जेवायला उठला, लॅपटॉप झोपला, जोडणी सुटली, थोड्या वेळाने मोबाईलनेही हॉटस्पॉट बंद केला. जेवून आल्यावर लॅपटॉप बिचारा ओळखीचे नाव शोधत बसतो, आणि ते नाव हवेत नसतेच. लॅपटॉप, ड्रायव्हर, विंडोज कशातच दोष नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये आपोआप बंद होण्याची सोय बंद करता येते, अभ्यासाच्या वेळी ती बंद ठेवावी. आयफोन असेल तर पर्सनल हॉटस्पॉटचे पान उघडे ठेवून जोडणी करावी. आणि वडील रात्रपाळीला लूम खात्यात गेले की हॉटस्पॉटही त्यांच्या खिशातून जातो, याला मात्र कोणताही मेकॅनिक काही करू शकणार नाही. अर्ज भरायचा दिवस पाळी पाहून ठरवावा.

यापुढचा प्रकार सर्वांत फसवा. चिन्ह सांगते की जोडणी झाली आहे, पण सोबत नो इंटरनेट असे लिहिलेले असते, किंवा वाय-फायच्या जागी पृथ्वीचा गोल दिसतो. हा वर सांगितलेला हजेरीपटाचा घोटाळा असू शकतो. खात्री करण्यासाठी स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग हा शब्द मध्ये जागा न सोडता इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. वायरलेसच्या भागात आयपीव्ही४ ॲड्रेस या ओळीपुढचा आकडा पाहा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर सहसा राउटरने क्रमांक दिलेला आहे. हॉटस्पॉटवर तो १७२ किंवा १० नेही सुरू होऊ शकतो. परंतु १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावे की लॅपटॉपने क्रमांक मागितला, कोणीही उत्तर दिले नाही, तेव्हा त्याने स्वतःच स्वतःला एक क्रमांक देऊन टाकला. असा स्वयंघोषित विद्यार्थी वर्गात बसला तरी हजेरी लागत नाही. वाय-फाय बंद करून दहा सेकंदांनी पुन्हा चालू करा. न जमल्यास राउटर किंवा हॉटस्पॉट बंद-चालू करा. आठवीच्या पुढील विद्यार्थ्यांनी हा आकडा एकदा घरी पाहून वहीत लिहावा. एकदा पाहिला की विसरत नाही.

दोन बिघाड असे आहेत, जे वाय-फायचे वाटतात पण नसतात. झोपेत बॅटरी पूर्ण संपली आणि लॅपटॉपमधला घड्याळाचा लहान सेलही जुना असेल, तर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग प्रत्येक सुरक्षित साइट 'कनेक्शन खाजगी नाही' अशा अर्थाची सूचना देऊन अडवते, कारण साइटचे प्रमाणपत्र त्या चुकीच्या तारखेला अजून सुरूच झालेले नसते. तारीख-वेळ बरोबर करा, साइट उघडेल. सेल बदलून घ्या, तो स्वस्त असतो. दुसरा बिघाड अर्जाच्या पोर्टलचा. लॅपटॉप अर्धा तास झोपला तर पोर्टल आपल्याला बाहेर काढते आणि पुन्हा लॉगिन मागते. नेट चालू आहे, अर्धवट भरलेले पान गेले, एवढेच. म्हणून प्रत्येक पान भरल्यावर सेव्ह करावे आणि कागदपत्रांच्या फाइली आधीच एका फोल्डरमध्ये काढून ठेवाव्यात.

अर्जाची शेवटची तारीख असेल त्या दिवशी मात्र दुरुस्ती शिकत बसू नये. मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. केबल डेटा नेणारी हवी, काही केवळ चार्जिंगच्याच असतात. यात वाय-फाय कार्डाचा संबंधच येत नाही, तारेतून नेट येते आणि मोबाईल चार्जही होतो. कार्ड पूर्ण मेलेले असेल आणि ड्रायव्हर उतरवायचा असेल तरी हीच युक्ती. त्याच दिवशी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग पॉवर येथे जाऊन चार्जर लावलेला असताना झोप कधीच नको, म्हणजे नेव्हर, असे निवडावे.

"मग नेहमीच नेव्हर ठेवले तर?" असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतील. गणित करून पाहू. लॅपटॉप २० वॉट घेतो असे धरू. दहा तास जागा राहिला तर २०० वॉट-तास, म्हणजे ०.२ युनिट. एका रात्रीसाठी हे काहीच नाही. आता विश्वस्त मंडळींसाठी शाळेचे गणित. समजा कक्षात २० संगणक आहेत, प्रत्येक ८० वॉट घेतो आणि संध्याकाळी पाच ते सकाळी सात असे १४ तास जागा राहतो. २० गुणिले ८० गुणिले १४ म्हणजे २२,४०० वॉट-तास, म्हणजेच २२.४ युनिट, एका रात्रीत! तेच संगणक झोपले आणि प्रत्येकी ३ वॉट घेऊ लागले तर ०.८४ युनिट. तेव्हा घरी अर्जाच्या दिवशी नेव्हर ठीक, शाळेत मुळीच नाही.

आमचे मत विचाराल तर शाळेच्या संगणक कक्षात वाय-फाय असूच नये. जो संगणक जागचा हलत नाही त्याला तार लावावी. पहिल्या तासाला वीस संगणक एकदम उठतात आणि एकाच लहान राउटरकडे क्रमांक मागतात. त्याच राउटरवर कार्यालयाचे आणि शिक्षकांचे मोबाईलही लागलेले असतील तर हजेरीपटाची पाने संपतात, उरलेल्यांना क्रमांक मिळत नाही आणि तासाची पहिली दहा मिनिटे त्यातच जातात. तारेचा खर्च एकदाच होतो.

हे सर्व करूनही नेट आले नाही तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क रीसेट हा शेवटून दुसरा उपाय आहे. त्याने फाइलींना धक्का लागत नाही, मात्र साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड पुसले जातात आणि लॅपटॉप रीस्टार्ट होतो. शेवटचा उपाय दुकान. कार्डची अँटेनाची तार सुटलेली असणे किंवा कार्डच खराब असणे हेही घडते, आणि ते दुकानातच कळेल. पण दुकानात जाताना फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि दुकानदाराला विचारावे, "ड्रायव्हर पाहिला का? पॉवर मॅनेजमेंट पाहिले का?" फॉरमॅटने काही दिवस बरे वाटते, कारण ड्रायव्हर नव्याने बसतो. पण वीज वाचवण्याची ती खूणही नव्याने लागते, आणि दुखणे परत येते.

पालकांनी घरी एक पान करावे: तारीख, लॅपटॉप किती वेळ झोपला होता, मध्ये वीज गेली होती का, मोबाईलवर नेट होते का, नावांची यादी दिसली का, क्रमांक कोणत्या आकड्याने सुरू होत होता, आणि कशाने नेट परत आले. तीन-चार नोंदी झाल्या की दोष कोठे आहे ते बहुधा त्या पानावरच दिसते. ते पान घेऊन विद्यार्थ्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. लॅपटॉप आणल्यास चार्जरही आणावा.